लेकरू घेऊन थांबायचं कुठं?

आमच्या देवगाव रंगारीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहणारी एखादी लेकुरवाळी बाई नीट न्याहाळून बघा. कडेवरचं पोर ती लगेच खाली ठेवत नाही. आधी सावली शोधते. सावली सापडली की पिशवीतलं फडकं अंथरते, मग पोराला उतरवते, मग पाण्याची बाटली निघते, मग बिस्किटाचा पुडा, आणि एवढं झाल्यावर कुठं ती स्वतः टेकते. गाडी कधी येणार, हा प्रश्न ती सगळ्यात शेवटी विचारते.

हे मी जन्मभर पाहत आले. पण दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या विमानतळावर हेच दृश्य पाहिलं तेव्हा मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. पायाखाली चकचकीत फरशी, थंडगार हवा, काचेच्या दुकानांची रांग, आणि त्यात माझी लेक नऊ महिन्यांच्या धाकटीला कडेवर घेऊन सावली शोधत होती. तिथं सावलीला लाउंज म्हणतात.

आज मला त्या लाउंजविषयी बोलायचं आहे. म्हणजे मुलं बरोबर असताना तिथं जावं का, कधी जावं, आणि जाता आलं नाही तर काय करावं. तुम्ही म्हणाल, हा विषय मुंबई-पुण्याच्या लोकांचा. आता तसं राहिलेलं नाही. आमच्यासारख्या गावांतल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला नोकरीला आहेत, काही परदेशात आहेत. लेकीचं बाळंतपण, नातवंडांचं जावळ, सुनेची परीक्षा, काही ना काही निमित्त निघतं आणि ज्या बाईनं आयुष्यात लासूर स्टेशनच्या पुढं एकटीनं प्रवास केला नाही, ती आज्जी विमानात बसते. बरोबर लेकरं असतातच. आज्जीला बोलावतात तेच मुळी लेकरांसाठी.

आणि विमानाच्या प्रवासात विमान कमी आणि थांबणंच जास्त, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला ठाऊक नसतं. आमचंच घ्या. देवगावहून निघायचं, कसाबखेडा, वेरूळ करत दौलताबादला यायचं. तिथल्या दिल्ली दरवाजात एखादा ट्रक अडकला तर अर्धा-पाऊण तास गेलाच म्हणून समजा. मग सगळं शहर ओलांडून जालना रोडवर चिकलठाण्याला. देशातल्या प्रवासातही सामान द्यायची खिडकी बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात. म्हणून माणूस भीतीपोटी तीन-तीन तास आधी जाऊन बसतो. पुढं मुंबईला किंवा दुसरीकडं विमान बदलायचं असेल तर तिथं आणखी तीन-चार तास. हवेतला प्रवास दीड-दोन तासांचा आणि जमिनीवरचं थांबणं त्याच्या चौपट. मोठ्या माणसाला ते निभावतं. पाच वर्षांच्या पोराला ‘बस इथं’ म्हटलं तर ते किती वेळ बसेल? तुम्हीच सांगा.

मला माझ्या लहानपणीचं मनमाड आठवतं. तेव्हा आपल्याकडं ब्रॉडगेज नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मनमाड ते औरंगाबाद रूळ रुंद झाले. त्याआधी मुंबईला जायचं तर लासूरहून छोट्या गाडीनं मनमाडला जायचं आणि तिथं मोठी गाडी धरायची. मधला थांबा रात्रीचा. आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन बायकांच्या वेटिंग रूममध्ये शिरायची. लाकडी लांब बाकं, कोपऱ्यात पाण्याचा नळ, आणि दाराशी एक म्हातारी आया. आई सतरंजी अंथरायची, ट्रंक उशाला लावायची, आम्हाला ओळीनं निजवायची आणि स्वतः बसून राहायची. आयाबाई म्हणायची, “तू झोप माय, गाडी लागली की उठवते मी.” तिला त्याचे कुणी वेगळे पैसे दिल्याचं मी पाहिलं नाही. खोली काही फार स्वच्छ होती असं नव्हे. पण तिकीट हातात असलं की लेकरांसह आत बसायचा हक्क होता आणि आम्ही किती जण आहोत, हे कुणी मोजत नव्हतं.

लाउंजची गोष्ट वेगळी. ती मुळातच मोजून आत घेण्यासाठी निघालेली आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला. विमानतळावरच्या लाउंजची सुरुवात तिथून धरतात. कंपनीला जे प्रवासी महत्त्वाचे वाटत, त्यांनाच आमंत्रण मिळे. पुढं वर्गणी भरून प्रवेश मिळू लागला. १९९२ साली ‘प्रायॉरिटी पास’ निघाला आणि तिकीट कुठल्याही कंपनीचं असो, एका पासावर अनेक ठिकाणच्या लाउंजांत जाता येऊ लागलं. मग बँकांनी ही सोय आपल्या कार्डांना जोडली. आपल्याकडं तर साध्या डेबिट कार्डावरही लाउंज मिळू लागलं. कार्ड चालू आहे की नाही हे पाहायला दोन रुपये, पंचवीस रुपये अशी नाममात्र रक्कम कापायची आणि आत सोडायचं. दोन रुपयांत पोटभर जेवण, ही बातमी आपल्या देशात किती वेगानं पसरली असेल ते सांगायला नको. करोनानंतर प्रवास वाढला तशा लाउंजांच्या दाराशी रांगा लागल्या. २०२३-२४ पासून अनेक बँकांनी अटी घातल्या. मागच्या तीन महिन्यांत कार्डावर अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. माझी लेक, तिचा पाच वर्षांचा थोरला, नऊ महिन्यांची धाकटी आणि मी, असे आम्ही चौघं. विमान बदलायला चार तासांचा थांबा होता. फलकावर पाहिलं तर पुढच्या विमानाला आणखी अडीच तास उशीर. लेक म्हणाली, “आई, माझ्याकडं कार्ड आहे, आपण लाउंजमध्ये बसू.” दाराशी तिच्याहून लहान एक मुलगी बसली होती, अगदी नम्र. तिनं कार्ड पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, कार्डावर एकच जण. बाळाचे पैसे नाहीत. मुलाचे आणि आजींचे वेगळे लागतील.” माणशी हजाराच्या वर.

आमच्या एसटीत पाच वर्षांखालचं पोर फुकट आणि पाच ते बारा वर्षांचं अर्धं तिकीट. मी मनात म्हटलं, इथं आपला नातू पूर्ण माणूस झाला!

लेक पैसे भरायला तयार होती. मी नको म्हटलं. दोघांचे मिळून दोन-अडीच हजार. आमच्या पिढीच्या हाताला अशा वेळी आपोआप लगाम लागतो. तिला म्हटलं, “तू दोघांना घेऊन आत जा, मी इथं बाकावर बसते. मला कुठं धावायचं आहे?” बराच वेळ ‘तू चल, तू जा’ झालं आणि शेवटी ती तिघं आत गेली.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. धाकटीचं उत्तम झालं. कोपऱ्यातली खुर्ची मिळाली, लेकीला निवांत पाजता आलं, गरम पाणी मिळालं, शौचालय स्वच्छ होतं. धाकटी पाऊण तास झोपली. हे मी मुद्दाम सांगते, कारण लाउंज म्हणजे नुसती श्रीमंती मिजास असं माझं म्हणणं नाही. तान्ह्या बाळाच्या आईला तो पाऊण तास सोन्यासारखा असतो.

थोरल्याचं मात्र काही जमेना. “आजी बाहेर का?” हा एकच धोशा. शेवटी त्यानं कागदी रुमालात दोन इडल्या गुंडाळल्या आणि माझ्यासाठी घेऊन निघाला. दाराशी त्या मुलीनं अडवलं. आतलं खाणं बाहेर न्यायला परवानगी नव्हती. काचेच्या दाराच्या आत तो, हातात इडल्या, बाहेर मी. नियम चूक नव्हता आणि त्या मुलीचा तर काहीच दोष नव्हता. ती नोकरी करत होती. पण पाच वर्षांच्या पोराला नियम कोण समजावणार? त्यानं त्या इडल्या तिथंच टेबलावर ठेवल्या आणि बाहेर येऊन माझ्या मांडीवर बसला. काही बोलला नाही.

मग मी माझ्या पिशवीतल्या दशम्या काढल्या. त्यानं दोन खाल्ल्या. थोड्या वेळानं मी त्याला घेऊन खाली भिंतीशीच बसले, कारण बाकावरून तो सारखा घसरत होता. तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई आमच्यापाशी थांबली. “मावशी, इथं खाली कामून बसलात? लेकरांची खोली हाय की पलीकडं.” ‘कामून’ ऐकलं आणि मी ओळखलं. ती परभणीकडची निघाली. तिनं आम्हाला नेऊन दाखवलं. मोजून पन्नास-साठ पावलांवर, शौचालयाच्या बाजूला, एक छोटी खोली. आत कोच, पडदा, बाळाचे कपडे बदलायला उंच फळी, हात धुवायला गरम पाणी. दारावर बाटलीचं चित्र होतं, पण तळहाताएवढं. पन्नास पावलांवर फुकट सोय होती आणि आम्ही अडीच हजारांचा हिशेब करत बसलो होतो.

लेकीला फोन लावला. उरलेला सगळा वेळ आम्ही चौघं त्या खोलीत आणि तिच्या आसपास काढला. मध्ये एक पंजाबी बाई तिचं बाळ घेऊन आली. तिलाही खोली कुणी सांगितली नव्हती. तिनं बाळाला शौचालयात उभ्यानं पाजलं होतं.

श्रोतेहो, त्या दिवसानंतर आम्ही पुन्हा दोनदा प्रवास केला. एकदा लाउंजमध्ये गेलो, एकदा मुद्दाम गेलो नाही. दोन्ही वेळा बरं झालं, कारण घरून ठरवून निघालो होतो. त्यातून जे शिकले ते तुम्हाला सांगते.

पहिलं म्हणजे, माणसं घरीच मोजा. कार्ड कुणाचं, त्यावर किती जण, मुलांचं काय, हे निघायच्या आधी बँकेला विचारा. दोन वर्षांखालच्या बाळाचे पैसे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. त्यावरच्या मुलाला कुठं पूर्ण पैसे, कुठं सूट. नियम प्रत्येक ठिकाणी निराळा. देशातल्या प्रवासाला चालणारं कार्ड परदेशच्या टर्मिनलवर चालेलच असं नाही. शिवाय लाउंज आपल्याच टर्मिनलमध्ये आहे का, हेही पाहा. आणि मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा. तान्ह्या बाळाच्या तिकिटासाठी तो तसाही लागतो.

दुसरं, वेळेचा हिशेब. हातात तास-सव्वा तासच असेल तर लाउंजच्या नादी लागू नका. रांगेत वीस मिनिटं जातात, मुलं जेवायला अर्धा तास घेतात आणि आपलं गेट नेमकं दुसऱ्या टोकाला असतं. विमान सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं. बऱ्याच विमानतळांवर आता भोंग्यावरून पुकारा करत नाहीत. लाउंजच्या मऊ खुर्चीत डोळा लागला की संपलं. उलट बाजूनं, थांबा फार मोठा असेल तर लाउंजवाले दोन-तीन तासांहून जास्त बसू देत नाहीत. मग ते तास कधी वापरायचे, हे ठरवा. बाळाच्या झोपेच्या वेळी वापरलेले बरे.

तिसरं, पैसे कधी भरावेत? एकटी आई आणि तान्हं बाळ असेल, रात्रीचा थांबा असेल, मुलाला कणकण असेल, तर खुशाल भरावेत. हात आखडू नये. मी त्या दिवशी आखडला ते चुकलंच असं मला आता वाटतं. थोरल्याला आजीशिवाय आत पाठवण्यापेक्षा सगळ्यांनी आत जावं, नाहीतर सगळ्यांनी बाहेर बसावं. कुटुंबाचे दोन तुकडे करून मिळालेली सोय मुलांना सोय वाटत नाही.

चौथं, आत गेल्यावर. आधी मुलाला शौचालयात न्या, मग जेवायला. ताटात थोडं वाढा. फुकट आहे म्हणून चार प्रकार वाढून घ्यायचे आणि मुलानं दोन घासांत हात वर करायचे, हे बघून जीव तुटतो. ते अन्न कुणीतरी पिकवलेलं असतं. जिथं मद्य ठेवतात त्या बाजूला बसू नका. कुणी तिथं काम करत असतं, कुणी झोपलेलं असतं. पळापळीची हौस मुलानं आत यायच्या आधी बाहेर भागवलेली बरी.

पाचवं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, फुकटच्या गोष्टी. विमानतळावर पाऊल ठेवताच पहिला प्रश्न विचारायचा: “बेबी केअर रूम कुठं आहे?” फलक शोधत बसू नका, माणसाला विचारा, आणि शक्यतो साफसफाईच्या माणसाला. त्यांना सगळं ठाऊक असतं. मग मुलाला चालवा. २०१४ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टर्मिनल दोनमध्ये राजीव सेठी यांनी हजारो कलावस्तूंची भिंतच्या भिंत उभी केली आहे. त्यातले हत्ती-घोडे मोजण्यात अर्धा तास सहज जातो. बंगळुरूच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये बांबूचं छत आणि टांगलेली झाडं आहेत. आणि काहीच नसलं तरी मोठी काच असतेच. विमानाला मागं ढकलणारं ते बुटकं यंत्र दिसलं तेव्हा आमचा थोरला एवढ्यानं ओरडला, “आजी, ट्रॅक्टर!” की आजूबाजूचे सगळे हसले. पुढचा पाऊण तास तो ट्रॅक्टरच बघत होता. देवगावच्या पोराला आणखी काय पाहिजे?

खायचंही तसंच. दशम्या, ठेपले, गूळ-शेंगदाणे, फळं सोबत न्यायला हरकत नसते. लोणचं आणि मिरचीपूड मात्र हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत अडतात. बाळाचं दूध, पेज, खिमट प्रवासापुरतं नेता येतं. तपासणीच्या वेळी ते वेगळं काढून दाखवा. विमानतळावरचा चहा महाग म्हणून ओरड झाली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला आणि तिथं दहा रुपयांत चहा मिळू लागला. पुढं आणखी काही विमानतळांवरही असे कॅफे निघाले. आपण जातो तिथं आहे का, एवढं विचारायला काय हरकत आहे?

आता थोडं हक्कांविषयी. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होत असेल आणि आपण वेळेवर हजर असू, तर नियमानुसार विमान कंपनीनं प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत. त्या दिवशी आमच्या विमानाला अडीच तास उशीर होता. आम्हाला नियम माहीत नव्हता. आम्ही मागितलं नाही आणि आम्हाला कुणी दिलं नाही. एप्रिल २०२४ पासून आणखी एक सूचना आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच तिकिटावर असलेल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्यावी. तेव्हा ‘पोर तिकडं, आई इकडं’ झालं तर गप्प बसू नका.

हे हक्क किती लागतात, ते अडचणीच्या वेळी कळतं. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळं गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान मुंबईला उतरलं. प्रवासी विमानाशेजारी फरसबंदीवर बसून जेवत असल्याची चित्रं साऱ्या देशानं पाहिली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले होते आणि त्यांच्या वेळापत्रकाचा मेळ बसला नव्हता. विमानतळांच्या फरशीवर बॅगा उशाला घेऊन झोपलेली लेकरं आपण दूरदर्शनवर पाहिली. अशा दिवशी कार्ड असो नसो, लाउंजमध्ये किती जण मावणार? तेव्हा कामाला येतात त्या सर्वांसाठीच्या सोयी: पाणी, शौचालय, बाळाची खोली, बसायला बाक.

म्हणून मला वाटतं, की लाउंज खुशाल असावीत, ज्याला परवडतं त्यानं जावं. पण लेकराला पाजायची जागा ही चैन नव्हे. ती लाउंजच्या दाराआड गेली, की बाहेरच्या जागेकडं लक्ष देणारं कुणी उरत नाही. ज्यांच्या तक्रारीला वजन असतं ती माणसं आत बसलेली असतात.

आपल्या महाराष्ट्राला हे कुणी शिकवायला नको. रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी गवळण आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. एसटी महामंडळानं आपल्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी खोल्या केल्या, त्यांना नावही दिलं ‘हिरकणी कक्ष’. पण नाव दिलं म्हणजे काम झालं असं नव्हे. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, त्याचं केवढं कौतुक झालं! पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात विधानभवनातल्या हिरकणी कक्षात त्या गेल्या तेव्हा तिथं धूळ होती आणि बाळासाठी काही सोय नव्हती, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. त्यांनी आवाज उठवला म्हणून सरकारला लक्ष घालावं लागलं. आमदारबाईंची ही गत, तर स्टँडवरच्या बाईचं काय?

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल दिला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचं ते खंडपीठ होतं. वराळे साहेबांची वकिली आपल्या औरंगाबाद खंडपीठातली, हे आपल्याला अभिमानाचं. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी जागा असावी, नव्या इमारतींत ती आधीच राखून ठेवावी, आणि चारचौघांत बाळाला पाजणाऱ्या आईकडं वाकड्या नजरेनं पाहिलं जाऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे आता ही मेहेरबानी राहिलेली नाही. पण कागदावरचा हक्क आपण मागितला तरच जमिनीवर उतरतो.

परतीच्या प्रवासात आम्ही देवगावला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. थोरल्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि विचारलं, “आजी, आपल्या स्टँडवर लाउंज आहे का?” मी म्हटलं, “आहे की. ती सावली दिसते ना, तेच.” तो हसला. पण पावसाळ्यात आणि रात्री त्या सावलीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक होतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. स्टँड असो, रेल्वे स्टेशन असो, तहसील असो की विमानतळ, मला गरज असो नसो, मी चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारते, “लेकरांच्या आयांसाठी खोली कुठं आहे?” खोलीला कुलूप दिसलं तर पुढचा प्रश्न, “किल्ली कुणाकडं आहे?” कधी माणूस चिडतो, कधी हसतो, कधी उठून किल्ली शोधायला लागतो. तुम्हीही विचारत जा. दिवसातून दहा जणींनी विचारलं, की ती किल्ली कुणीतरी खुंटीवर समोरच टांगून ठेवेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)